वाण्याच्या फळीवर जमैका

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. हिंगोलीच्या बाजारपेठेत आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात मी महिन्याचा बाजार भरायला गेलो होतो. यादी साधीच होती. तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, हिंगाची एक डबी, अंगाचा साबण. दुकानातला पोरगा यादीप्रमाणे माल काढीत होता आणि मी रिकामा उभा राहून फळ्या न्याहाळीत होतो. अलीकडे आपल्याकडच्या दुकानांतही एक नवी फळी तयार झाली आहे. तिच्यावर नूडल्सची पाकिटे असतात, सॉसच्या बाटल्या असतात, ओरेगॅनो असते, पेरीपेरी मसाला असतो. त्या पेरीपेरीच्या मागे मला एक बोटभर उंचीची काचेची बाटली दिसली. आत विटकरी रंगाची भुकटी. वर इंग्रजीत छापले होते, ‘जमैकन जर्क सीझनिंग’.

“हे काय हो, शेटजी?” मी विचारले.

“मसाला आहे, सर. पुण्याला शिकणारी पोरं सुट्टीत येतात, ती मागतात. डझनभर आणल्या होत्या, सात पडून आहेत.”

“कशात घालायचा?”

“ते आता तुम्हीच सांगा. प्रोफेसर तुम्ही.”

शेजारी एक आजीबाई तिखटाच्या मिरच्या निवडीत होत्या. एकेक मिरची हातात घेऊन, देठ पाहून, वास घेऊन. त्यांनी बाटलीकडे पाहून नाक मुरडले आणि म्हणाल्या, “कुठल्या मुलखाचं काय काय आणतेत बाई! आपली मिरची काय वाईट होती?”

मी काही बोललो नाही. वडीलधाऱ्या माणसाला भर दुकानात दुरुस्त करणे मला जमत नाही. वर्गात ते काम मी रोज करतो, तेवढे पुरे. पण मंडळी, गंमत अशी की आजींच्या हातातल्या मिरचीचे मूळ घर आणि त्या बाटलीवर छापलेले बेट हे पृथ्वीच्या एकाच बाजूला आहेत. आणि बाटलीत जे भरले होते त्यातला मोठा वाटा आपल्या बाजूचा होता. मी ती बाटली विकत घेतली. आजींना द्यायचे राहून गेलेले उत्तर आज तुमच्यापुढे मांडतो.

जमैका म्हणजे वेस्ट इंडीजमधले एक बेट. आपल्या जिल्ह्यासारखे दोनाहून थोडे अधिक जिल्हे त्यात मावतील एवढेच त्याचे आकारमान, आणि वस्ती सुमारे २८ लाखांची. आपल्याला ते नाव ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. १९७१ सालच्या दौऱ्यात जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे पहिल्या कसोटीत आपले पाच गडी ७५ धावांत बाद झाले होते. तेव्हा दिलीप सरदेसाई उभे राहिले, त्यांनी २१२ धावा काढल्या, आणि पुढे वाडेकरांनी चक्क वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला. सरदेसाई हे मडगावचे, गोव्याचे. गोव्याचे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा यायचे आहे.

बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकद्रव्ये लिहिली होती. चष्मा पुसून मी ती वाचली. मिरची, ऑलस्पाइस, सुंठ, लसूण, कांदा, दालचिनी, जायफळ, मिरे, थाइम नावाचा पाला, तांबडी साखर, मीठ. आता यातले जमैकाचे किती? सुंठ आपल्या आशियाची. मिरे मलबारचे. दालचिनी श्रीलंकेची. जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे. त्या बेटांवर हक्क मिळवण्यासाठी डच लोकांनी १६२१ साली तिथल्या रहिवाशांची कत्तल केली, इतके ते एके काळी मोलाचे होते. कांदा-लसूण मध्य आशियाकडचे. थाइमचा पाला भूमध्य समुद्राच्या काठचा, पण त्याला वास येतो तो थेट आपल्या ओव्याचा, कारण दोहोंत थायमॉल नावाचे एकच द्रव्य असते. साखर उसाची, आणि उसाची गोडी जगाला कळली ती आपल्या देशातून. ‘शर्करा’ हाच शब्द वाटेत झिजत झिजत इंग्रजांचा ‘शुगर’ झाला. मीठ कुठलेही असेल. उरल्या दोन वस्तू, मिरची आणि ऑलस्पाइस. अमेरिकेच्या बाजूच्या म्हणायच्या त्या या दोनच. त्यांतली एक तर आपण रोज भाकरीबरोबर खातो.

आधी मिरचीचे सांगतो, कारण यावरच सर्वांत जास्त वाद होतो. बी. ए.च्या वर्गात मी एकदा सहज म्हटले, की सव्वापाचशे वर्षांपूर्वी आपल्या देशात मिरची नव्हती. मागच्या बाकावरचा कळमनुरीकडचा एक विद्यार्थी ताडकन उठला. “सर, मग लोक खात काय होते?” प्रश्न रास्त होता. तिखटाशिवाय जेवण ही कल्पनाच त्याला करवेना.

खात होते मिरे, खात होते पिंपळी, आले, मोहरी. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. आपला हा सारा भाग तेव्हा त्या घराण्याच्या सत्तेखाली होता. राजाच्या मुदपाकखान्याची वर्णने त्यात मोठी चवीने केलेली आहेत. मिरे आहेत, हिंग आहे, आले आहे. मिरची नाही, आणि असणे शक्यही नव्हते. संत नामदेवांचा जन्म आपल्या नरसीचा मानतात, साल १२७०. नामदेवांच्या घरी नैवेद्याच्या ताटात काय काय वाढले असेल याची आपण कल्पना करतो तेव्हा नकळत हिरव्या मिरचीचा ठेचा, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी डोळ्यांपुढे येते. यातले एकही नामदेवांनी पाहिले नव्हते. मिरची, बटाटा, भुईमूग, टोमॅटो, मका, पेरू, पपई ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली, आणि ती इकडे यायला अजून दोनशे वर्षांहून अधिक अवकाश होता.

१४९२ साली कोलंबस निघाला तो मिऱ्यांच्या शोधात. मिरे त्या काळी युरोपात फार महाग, आणि ते आपल्या मलबारातून अरबांच्या व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत जात. कोलंबस पश्चिमेकडे गेला आणि भलत्याच बेटांना लागला. तिथले लोक एक तांबडे फळ तिखटासाठी वापरत. त्याने त्यालाच मिरे म्हटले. माणूस ज्याच्या शोधात घराबाहेर पडतो ते सापडले असे त्याला फार लवकर वाटू लागते. त्या एका चुकीने इंग्रजीत आजही मिरे आणि मिरची यांना एकच नाव आहे. पण आपण तरी काय केले? आपल्याकडे ते फळ आले तेव्हा आपल्याही बायकांनी त्याची सांगड मिऱ्याशीच घातली. ‘मरिच’ या संस्कृत शब्दापासून मिरे, आणि मिऱ्यावरून मिरची. नाव घरचे, फळ पाहुणे.

ते आणले पोर्तुगीजांनी. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५०० मध्ये पोर्तुगीज जहाजे ब्राझीलला लागली, १५१० मध्ये आल्बुकर्कने विजापूरकरांकडून गोवा घेतला. दहा-बारा वर्षांत ब्राझील आणि गोवा एकाच राजाच्या ताब्यात आले. जहाजांबरोबर बी-बियाणे आले. कुणी मुद्दाम आणले असेल, कुणाच्या मोटलीत आले असेल. मिरचीचे बी हलके, वाळवले की टिकते, आणि कुठल्याही परसात उगवते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर एक ग्रंथ गोव्यातच छापला. आपल्या देशात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी तो एक. त्यात मिऱ्यांवर प्रकरण आहे, आल्यावर आहे, हळदीवर आहे, हिंगावर आहे. मिरचीवर नाही. पुढे अकबराच्या दरबारी अबुल फजलने ‘आइने अकबरी’त शाही पाककृती दिल्या, त्याही मिऱ्यांच्याच. म्हणजे मिरची आली खरी, पण विद्वानांच्या ग्रंथांत आणि बादशहांच्या दस्तरखानावर तिला लवकर जागा मिळाली नाही. माझा तर्क असा, की ती आधी रुजली गरिबांच्या परसात. मिरे विकत घ्यावे लागत. ते घाटाखालून यायचे, वाटेत जकाती भरायच्या, आणि शेवटी आपल्या बाजारात ते तोळ्या-मासावर विकले जायचे. कुणब्याने ते खावेत कसे? मिरचीला मात्र चार रोपे पुरतात. ज्वारीची भाकरी, मिरची, मिठाचा खडा, असला तर कांदा. कोरडवाहू मुलखाचे हे जेवण त्या परदेशी पाहुणीने उभे केले. तिला आपली म्हणण्याचा आजींचा हक्क मी नाकारीत नाही. चारशे वर्षे नांदलेली सून माहेरची राहत नाही.

आणि हो, मिरचीच्या तिखटपणाचे एक कोडे मुलांना जरूर घाला. पोपट मिरची मजेने खातो, त्याला झोंबत कशी नाही? मिरचीत कॅप्सेसिन नावाचे जे द्रव्य असते ते सस्तन प्राण्यांना भाजते, पक्ष्यांना त्याचे काही वाटत नाही. आपल्या दाढेखाली बी चिरडते, पक्ष्याच्या पोटातून ते अखंड बाहेर पडून दूर जाऊन रुजते. झाडाने आपला हमाल निवडून ठेवला आहे. हे कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून तोंड भाजले की आपली आई पाणी देत नाही, दूध नाहीतर दही पुढे करते.

जमैकाच्या मसाल्यात जी मिरची असते ती जरा निराळ्या जातीची. टोपीसारखी चपटी, मुडपलेली. तिथे तिला ‘स्कॉच बॉनेट’ म्हणतात, म्हणजे स्कॉटलंडच्या लोकांची टोपी. आपल्या लवंगी मिरचीचा अभिमान धरणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. तिची एक चुलत बहीण आपल्या ईशान्य भारतात आहे, भूत जोलोकिया. २००७ साली जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली होती.

आता ऑलस्पाइस. हे नाव अपरिचित वाटेल, पण वस्तू कदाचित तुमच्या मसाल्याच्या डब्यातच असेल. मिऱ्याहून थोडे मोठे, तांबूस करडे, गोल, वाळलेले फळ. चुरडले तर लवंग, दालचिनी आणि जायफळ या तिन्हींचा वास एकदम येतो. म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सगळे मसाले’ असे नाव देऊन टाकले. हे झाड मूळचे वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतले, आणि जमैकाचे फळ सर्वांत नामांकित. स्पॅनिश लोकांनी यालाही मिरेच म्हटले. आपल्या बाजारात याला कबाबचिनी म्हणून विकतात. वास्तविक खरी कबाबचिनी ती जावा बेटाची, तिला बारीक शेपटी असते. पण वाण्याला दोन्ही एकच. तेव्हा आईने काळ्या मसाल्यासाठी कबाबचिनी आणायला सांगितली आणि बिनशेपटीची आली, तर जमैकाकडचे झाड तुमच्या घरात केव्हाच येऊन गेले आहे असे समजा. कोकणातल्या काही नारळी-पोफळीच्या बागांतही हे झाड आज लावलेले आढळते.

एवढे झाले मसाल्याच्या सामानाचे. पण ‘जर्क’ म्हणजे काय? ही कथा मात्र नुसत्या चवीची नाही.

१४९४ साली कोलंबस जमैकाला लागला तेव्हा तिथे ताइनो नावाचे लोक राहत होते. स्पॅनिश अमलाखाली मजुरीने आणि रोगराईने ते पाऊणशे-शंभर वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले. त्यांच्या जागी आफ्रिकेतून माणसे पकडून आणली गेली. १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट घेतले आणि पुढे सगळीकडे ऊस लावला. उसासाठी गुलाम हवेत, म्हणून जहाजे भरभरून गुलाम आले. १८३४ साली गुलामगिरी उठली तेव्हा एकट्या जमैकात तीन लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. मराठवाड्यातून दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या कुटुंबांना ऊसतोड म्हणजे काय ते मी सांगण्याची गरज नाही. पाचटाने कापलेले हात, पहाटेची थंडी, डोक्यावरची मोळी. आता त्यात उचल नाही, मजुरी नाही, हंगाम संपला की घरी परतणे नाही, आणि पोटचे पोर दुसऱ्याच्या मालकीचे, एवढे मिळवा, म्हणजे जमैकाच्या मळ्याची काहीशी कल्पना येईल. बाटलीतली ती चमचाभर तांबडी साखर नुसती गोड नाही.

यांतले काही पळाले. बेटाच्या मध्यभागी आणि पूर्वेला दाट रानाचे डोंगर आहेत, तिथे त्यांनी गावे वसवली. त्यांना ‘मरून’ म्हणत. ऐंशी वर्षांहून अधिक काळ ते इंग्रजी फौजांशी लढत राहिले. शेवटी १७३९ साली इंग्रजांना त्यांच्या कुजो नावाच्या पुढाऱ्याशी तह करावा लागला, आणि पुढल्या वर्षी पूर्वेकडच्या टोळ्यांशी. पूर्वेकडच्या लोकांची पुढारीण होती नॅनी नावाची बाई. आज जमैकाच्या पाचशे डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र असते. तहाला एक काळी बाजूही होती. पुढे पळून येणाऱ्या गुलामांना परत धाडण्याची अट त्यात होती आणि मरूनांनी ती मान्य केली. स्वातंत्र्याच्या इतिहासात अशी पाने सर्वत्र सापडतात, ती झाकून ठेवू नयेत.

हे मरून रानडुकराची शिकार करीत. दिवसेंदिवस डोंगरात फिरणाऱ्याला मांस टिकवावे लागते. मीठ, मिरची आणि त्या ऑलस्पाइसच्या झाडाचे फळ-पाला चोळून, खड्ड्यातल्या मंद निखाऱ्यावर त्याच झाडाच्या ओल्या लाकडावर ते मांस भाजीत. खड्डा झाकून घेत, म्हणजे धूर वर चढून ठावठिकाणा कळायला नको, असे तिथे सांगतात. मांस वाळवून टिकवण्याला दक्षिण अमेरिकेत ‘चार्की’ म्हणत, त्यावरून हा ‘जर्क’ शब्द आला असे मानतात. युक्ती बहुधा काही ताइनो लोकांची, काही आफ्रिकेतून आणलेली.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे समजायला कठीण जाऊ नये. १९४७-४८ मध्ये निजामी राजवटीविरुद्ध लढणारी आपली कितीतरी माणसे घरदार सोडून वऱ्हाडाच्या हद्दीतल्या कॅंपांत राहिली होती. माळरानातून रातोरात निघताना धडप्यात काय बांधायचे? जे चार दिवस टिकेल ते. कडक भाकरी, कोरडी चटणी. दाण्याचे कूट, तिखट, मीठ, लसूण. पळत्या माणसाचे अन्न असेच असते. ते कोरडे असते, झणझणीत असते, आणि त्याला चूल मोठी पेटवावी लागत नाही. पुढे दिवस पालटले की तेच अन्न आवडीने खाल्ले जाते, हॉटेलात मिळू लागते, मग बाटलीत भरून हिंगोलीला येते.

जमैकाची आणि आपली गाठ इथेच संपत नाही. गुलामगिरी उठल्यावर मळेवाल्यांना मजूर मिळेनात. तेव्हा त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. पाच वर्षांचा करार, बोटीचे भाडे मळेवाल्याचे, मजुरी ठरलेली. या ‘अॅग्रीमेंट’ला आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ केले आणि जाणारा तो गिरमिट्या. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ नावाच्या जहाजाने पहिले सुमारे २६० भारतीय जमैकाच्या किनाऱ्यावर उतरले. १९१७ पर्यंत ही संख्या सुमारे ३६ हजारांवर गेली. बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, कलकत्त्याहून गेलेले. मराठी माणसे गेली ती मुख्यतः मॉरिशसला, मुंबई बंदरातून, रत्नागिरी-साताऱ्याकडची; त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात.

गिरमिट्यांच्या जहाजावर शिधा ठरलेला असे. तांदूळ, डाळ, तेल, चिंच, कांदा, मिरची आणि हळद. अशी आपली हळद जमैकाला पोचली, आणि तिथे अशी रुजली की बोकडाच्या मटणाची ‘करी’ हे आज जमैकाचे लग्नाकार्यातले मानाचे पक्वान्न आहे. खाणारे बहुतेक आफ्रिकी वंशाचे, मसाला हळदीने पिवळाजर्द, आणि त्यात त्यांचा तो ऑलस्पाइस. आले तर त्याच्याही आधी, स्पॅनिश काळात गेले होते. १५४७ च्या सुमारास वेस्ट इंडीजची सुंठ स्पेनला निर्यात होत होती, आणि पुढे ‘जमैकाची सुंठ’ म्हणून तिचा जगभर दबदबा झाला. तिथे एका आंब्याला ‘बॉम्बे’ म्हणतात. गांजाला तिथे गांजाच म्हणतात. सगळ्याच गोष्टी अभिमानाने सांगण्याजोग्या नसतात.

ही गिरमिटाची प्रथा बंद व्हावी म्हणून आपला एक मराठी माणूस झटला, ही गोष्ट शाळेत क्वचितच सांगितली जाते. गोपाळ कृष्ण गोखले. १९१० साली त्यांनी नाताळला मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडला आणि तो सरकारने स्वीकारला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही प्रथाच सर्वत्र बंद करावी असा ठराव आणला. अडाणी माणसाला तो कुठे जातो, कशासाठी जातो हे न समजावता अंगठा घेतला जातो, आणि करार मोडला तर त्याला फौजदारी शिक्षा होते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सरकारी सभासदांच्या मतांनी ठराव पडला. १९१५ मध्ये गोखले वारले. १९१६ साली मदनमोहन मालवीयांचा ठराव मान्य झाला आणि १९१७ मध्ये भरती थांबली. हरितक्रांती आणि धवलक्रांती यांवर आपण मुलांकडून निबंध लिहून घेतो. कोटलूकच्या या शिक्षकाने जमैकाच्या मळ्यातल्या माणसासाठी कौन्सिलात उभे राहून केलेल्या भाषणावर एखादा निबंध घ्यायला काय हरकत आहे?

हळदीचा विषय निघाला आहे तर वसमतकडे वळल्यावाचून मला राहवत नाही. अक्षय्यतृतीयेच्या पुढेमागे बेणे लावायचे, आठ-नऊ महिने पाणी द्यायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये खणायची, शिजवायची, पंधरा-वीस दिवस वाळवायची, ड्रममध्ये घोळून पॉलिश करायची, आणि मग कांडी वेगळी, गड्डा वेगळा करून बाजारात न्यायची. एवढे करून शेतकरी जेव्हा हिंगोलीच्या किंवा वसमतच्या यार्डात पोत्यापाशी उभा असतो तेव्हा त्याच्या हातात असतो फक्त त्या दिवसाचा भाव. माझ्या नात्यातले एक गृहस्थ तीस वर्षे हळद करतात. ही बाटली मी त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी केली, किंमत वाचली, वजन वाचले आणि मनातल्या मनात क्विंटलचा हिशेब केला. मग म्हणाले, “म्हणजे पैसा बाटलीत आहे, मालात नाही.” सोळाव्या शतकातल्या मिऱ्यांचा व्यापार कळायला व्हेनिसचे दप्तर उघडण्याची गरज नाही, असे मला त्या क्षणी वाटले. पिकवणारा एका टोकाला, खाणारा दुसऱ्या टोकाला, आणि नफा मधल्या समुद्रात.

पण ‘आपले’ कशाला म्हणायचे हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याबद्दल पेटंट मिळाले. आपल्या घरोघरच्या आज्यांनी केलेला उपाय! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत पुरावे गोळा करून दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हे योग्यच झाले. तरी माझ्या मनात एक खट्याळ विचार येऊन जातो. उद्या मेक्सिकोचा एखादा शेतकरी हिंगोलीच्या यार्डात येऊन म्हणाला, की मिरची आम्ही हजारो वर्षे जोपासली, तुमच्या ठेच्यातला आमचा हिस्सा काढा, तर आपण काय उत्तर देऊ? बहुधा त्याला भाकरी-ठेचा वाढू आणि वरून दही देऊ. जपून राहायचे ते दुसऱ्याच्या आजीचे ज्ञान स्वतःच्या नावावर चढवणाऱ्यापासून. देवघेव करणाऱ्यापासून नव्हे. हिंगाचेच पाहा ना. आपल्या जिल्ह्याच्या नावात हिंग दिसतो म्हणून काही जण त्याचा संबंध लावू पाहतात, तो मोह आवरावा. पण ज्या हिंगाशिवाय आपले वरण होत नाही तो आपल्या देशात पिकतच नव्हता. अफगाणिस्तान-इराणकडून तो येतो, आणि भारतात त्याची रोपे शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा लावली ती २०२० च्या ऑक्टोबरात, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. पाठ्यपुस्तकात ‘१४९८, वास्को द गामा’ ही एक ओळ असते आणि मुले ती घोकतात. एखाद्या शनिवारी मुलांना घरच्या मसाल्याच्या डब्यातली चिमूट चिमूट कागदात बांधून आणायला सांगा. जगाचा नकाशा जमिनीवर पसरा आणि ज्याची त्याची पुडी ज्या त्या देशावर ठेवायला लावा. बादलफूल चीनवर जाईल, लवंग इंडोनेशियावर, हिंग अफगाणिस्तानवर, मिरची मेक्सिकोवर. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी हे केले. महाराष्ट्राच्या जागी नकाशा बराच वेळ रिकामा राहिला तेव्हा चौथीतली एक मुलगी रडायला आली. मग गुरुजींनी तिची हळदीची पुडी भारतावर ठेवली.

राहता राहिली ती बाटली. घरी आणून ठेवली खरी, पण घालायची कशात हा शेटजींचा प्रश्न सुटलेला नव्हता. आमच्या घरी मांस शिजत नाही. एका रविवारी आईचा डोळा चुकवून मी तिच्या पिठल्यात त्यातली चमचाभर भुकटी टाकली. आई जेवायला बसली. पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला.

“कबाबचिनी कुणी घातली ह्यात?” ती म्हणाली. आणि मग जरा वेळाने, “ती बरी लागतेय. पण पिठल्यात साखर टाकायची अक्कल कुणाची?”